हुं

सयाजीगंजात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
संध्याकाळी साडेसहाला मी फ्रेंच शिकवते.
कॅनडाला जायची घाई असलेली चौदा मुलं.
त्या दिवशी धडा सोडून भलतंच बोलत बसले :
तिकडे एक प्रकार आहे म्हटलं, ऑटोफिक्शन.
वर छापायचं कादंबरी,
आत नाव, पत्ता, दाढदुखी, घटस्फोट, सगळं लिहिणाऱ्याचं स्वतःचं,
आणि कुणी हात धरलाच तर म्हणायचं, अहो, कादंबरी आहे.
मागच्या बाकावरून हार्दिक पांचाळ :
"मॅडम, ऑटो एटले रिक्षा?"
हो रे, म्हटलं,
बसणारा नि हाकणारा एकच.
मीटर मात्र पाडलेला नसतो.

त्यांना काय सांगणार
की माझंच असं एक पुस्तक पुण्यात छापून पडलंय
आणि प्रकाशकाचा सारखा फोन :
बाई, कुठल्या कप्प्यात ठेवू?

फ्रेंचमधला मी फार मऊ.
पुढे स्वर आला की स्वतःचा स्वर गिळतो,
अर्धा होतो, वर नुसता टांगलेला स्वल्पविराम.
बाईने जन्मले असं लिहिताना
शेवटी एक अक्षर जास्त घालायचं, पण उच्चारायचं नाही.
मराठीत अशी सोय नाही.
गेले म्हटलं की पदर दिसतो.
आणि जिना उतरून रस्त्यावर आलं की
बडोद्यात मी-ला हुं म्हणतात.
आमच्या घरात हुं म्हणजे एवढंच :
ऐकतेय, पुढे सांग.

पुस्तकात, सातव्या प्रकरणात,
उत्पला मांडके, वय वर्षे नऊ, राहणार दांडिया बाजार,
इस्त्रीला द्यायचे कपडे चाचपते.
वडिलांच्या खिशात मनीऑर्डरची पावती,
रावपुरा पोस्टाचा शिक्का, रुपये अकरा,
नवसारीतल्या कुणा बाईचं नाव.
(हिशेबाच्या वहीत वडील दर महिन्याला लिहायचे :
किरकोळ, अकरा.
काय वळणदार अक्षर!
आमच्या घरातले पहिले कादंबरीकार ते.)
वडील मागे उभे.
रागावत नाहीत.
फक्त माझ्या ओठांवर बोट ठेवतात,
बोटाला तंबाखूचा आणि शाईचा वास.

मला वाटलेलं, चारू म्हणेल हे खोटं आहे.
भाऊ म्हणालाच.
वहिनींनी तर प्रत परत पाठवली, टपालखर्च माझ्याकडून.
चारू मांजलपूरहून रिक्षा करून आली,
चपला न काढता उंबऱ्यातूनच म्हणाली,
"बोट माझ्या ओठांवर होतं."

तू गच्चीवर मांजा गुंडाळत होतीस.
वासी उतरायण होती.
मी तुला रात्री गोधडीत सांगितलं,
शपथ घालून.

वास आठवतो मला, मी म्हटलं. शाईचा.

"तोही मीच सांगितला."

मग तिने पिशवीतून पुस्तक काढलं,
गिलक्यांच्या खालून, जरा ओलसर.
सातव्या प्रकरणात जिथे जिथे मी होते
तिथे पेन्सिलीने, शाळेतल्या गोल अक्षरात : चारुशीला.
क्रियापदं तशीच ठेवलेली.
चारुशीला गेले.
चारुशीला बघत राहिले.
चारुशीला पन्नास वर्षं गप्प बसले.

तपासायला आलेली वही असती
तर लाल रेघ मारली असती मी.

चहा टाकला. आलं नव्हतं घरात.
तिने चपला काढल्या, एक उलटी पडली, तशीच राहू दिली.
मी प्रकरण पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतलं,
तिचं नाव, माझी क्रियापदं,
पावतीपाशी आल्यावर दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं.

दर वाक्याला ती म्हणत होती, हुं.

कुठल्या भाषेतलं,
ते मी विचारलं नाही.